तिसरा कौल

प्रिय दिन्या,

शिमग्याला आला नाहीस म्हणून रागावून फोन केला नाही. पण जे झालंय ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? आईचे गुडघे तसेच, माझी शुगर बरी.

देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे कमी पडतात म्हणून देवराईतली 23 झाडं विकायचं घाटतंय. पालखी देवळात परतल्यावर देवीला कौल लावला. गुरवाने ओल्या पाषाणावर फुलांचे कळे लावून गाऱ्हाणं घातलं. पहिला कौल डावा, म्हणजे नको. दुसराही डावा. मग कुणीतरी म्हणालं, प्रश्नच नीट विचारला नाही. तिसरा उजवा, होकाराचा पडला आणि लगेच ढोल वाजले. मी मानकरी, पुढेच उभा होतो. तोंडातून शब्द काढला नाही रे.

आठवतं, स्टंपांसाठी आपण राईतल्या तीन वाळक्या काठ्या आणल्या होत्या? आजीने जेवू दिलं नाही. काठ्या जागेवर ठेवून देवीपुढे नारळ फोडला तेव्हा ताट मिळालं. (आणि गारंबीच्या वेलाच्या झोक्यावरून मी तुला ढकललं नव्हतं, तूच हात सोडलास. चाळीस वर्षं सांगतोय.) नाना कीर्तनात ‘दशपुत्रसमो द्रुमः’ म्हणायचे, दहा मुलांच्या तोडीचं एक झाड. आजीला श्लोक येत नव्हता, पण राईतली काडी चुलीत गेली नाही.

वर सगळा कातळ, पडलेला पाऊस समुद्रात जातो. राईतला गुडघाभर पाचोळा तेवढं पाणी धरतो, म्हणून खालचा झरा मे अखेरपर्यंत वाहतो. गारंबीचंच बघ. 1970 च्या दशकात श्रीवर्धनकडच्या गाणी गावच्या राईत देवरायांचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ आणि वर्तकांना तिचा एकच वेल दिसला होता. गुरांना साप चावला की सालीसाठी लोक चाळीस किलोमीटरवरून यायचे. राई देवाची होती म्हणून तो वेल उरला.

काल एकटाच गेलो होतो. झाडांवर लाल रंगाने आकडे घातलेत. आपल्या बेहड्यावर 7. वर ढोलीचं तोंड लिंपलेलं, फक्त बोटभर फट. ककणेराची, म्हणजे धनेशाची मादी आत बसलीय. नर आला, गळ्यातून एकेक फळ काढून फटीतून देत होता. मी मोजली, अकरा. बेहडा पाडला तर आतली बाहेर कशी येणार? रात्रभर तेच डोक्यात.

पाडव्याला गावकीची बैठक आहे. मी उठून सांगणार, दोन डावे कौल सगळ्यांनी पाहिलेत, देवीने नको म्हटलंय, देऊळ लहानच बांधू. पण निम्मे पैसे मुंबई मंडळाचे, तिथे तुझा शब्द चालतो. आधी त्यांच्याशी बोल.

नव्या जागेत पाणी येतं ना? पोरीची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार.

आदल्या रात्रीच्या गाडीने निघ. पहाटे स्टेशनवर उभा असेन.

तुझा,
सुऱ्या