विमान पडलं नाही, तरी तक्रार आहे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ४० साइझ ट्रेनर किटमधल्या सदोष बिजागऱ्या आणि चुकीचं माहितीपत्रक

महोदय,

तुमच्या वेबसाइटवरून घेतलेल्या, रिमोटवर उडणाऱ्या शिकाऊ विमानाच्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) ट्रेनर किटबद्दल मी फोन केला, तेव्हा पहिला प्रश्न आला, "विमान क्रॅश झालं का?" नाही म्हटल्यावर दुसरा, "मग प्रॉब्लेम काय आहे, सर?" प्रॉब्लेम काय आहे ते आता लेखी देतो.

खोक्यावर 'सीए हिंज सोबत' असं छापलेलं आहे. सीए म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, झटपट पकडणारा ग्लू. सीए हिंज म्हणजे विमानाचे हलते भाग त्या ग्लूने जोडणारी बिजागरी : मधे चिवट पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना कापडासारखा तंतूंचा थर. बाल्सात चीर पाडून पट्टी अर्धी इकडे, अर्धी तिकडे बसवायची, सरकू नये म्हणून मधोमध टाचणी टोचायची आणि दोन्ही बाजूंनी पातळ सीएचे थेंब सोडायचे. तंतू तो आत ओढून घेतात आणि पट्टी लाकडाशी एकजीव होते. सगळी ताकद त्या शोषण्यातच. तुमच्या पाकिटातून निघाल्या त्या नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या. एक बाहेर ठेवून तिच्यावर थेंब टाकला, तर अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन कडेने ओघळला.

एलिव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) बसवून रात्रभर ठेवलं आणि सकाळी नेहमीप्रमाणे ओढून पाहिलं. अख्खं हातात आलं. चांगली बिजागरी उपटली तर बाल्साचा लचका तोडून येते. या पट्ट्यांना लाकडाचा एक कणही चिकटलेला नव्हता. वर फक्त सीएचा चकचकीत पापुद्रा होता, तोही नखाने सुटला. मग त्याच बाटलीतल्या सीएने त्याच बाल्साच्या उरलेल्या तुकड्यावर बाजारातून आणलेली तंतूवाली बिजागरी बसवली. ती उपटताना लाकूड फाटलं, बिजागरी सुटली नाही. दोन्हींचे फोटो जोडले आहेत.

तुमच्या प्रतिनिधीचं म्हणणं पडलं की नागपूरच्या उन्हामुळे ग्लू खराब झाला असेल. साहेब, मी काम केलं तेव्हा बाहेर झड लागली होती. आणि सीए पकडतो तो ओलाव्यावर, त्या दिवसांत आमच्याकडे ओलाव्याला काही तोटा नव्हता. नागपूरला सगळंच उन्हावर ढकलायची सोय आहे हे मान्य, पण यात ती चालणार नाही.

माहितीपत्रकाचं तर काय सांगावं. त्यात मीडियम (म्हणजे दाट) सीए वापरा आणि लगेच किकर (सीए झटकन गोठवणारा फवारा) मारा असं लिहिलंय. दाट सीए चिरेत आत जातच नाही आणि किकरने तो तोंडाशीच गोठतो. म्हणजे उद्या तुम्ही खऱ्या तंतूवाल्या बिजागऱ्या दिल्या, तरी हे पत्रक वाचून बसवणाऱ्याचं एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारा पंखाचा हलता भाग) वरवरच चिकटेल.

ट्रेनर घेतो तो बहुतेक नवशिक्याच. बिजागरी ओढून बघायची असते हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, तुमच्या पत्रकात तर त्याबद्दल अवाक्षर नाही. आम्ही विमानतळापासून लांब, उमरेड रोडकडच्या मोकळ्या रानात उडवतो, पण तिथेही पोरं बघायला जमतात. अडीच किलोच्या आसपासचं विमान, पुढे फिरता पंखा. रडर (शेपटीचं उभं सुकाणू) गेलं तर एलेरॉनवर कसंबसं उतरवता येतं. एलिव्हेटर गेलं की हातात ट्रान्समीटर असून नसून सारखाच.

नुसतं बिजागऱ्यांचं नवं पाकीट पाठवतो, हा तुमचा प्रस्ताव मला मान्य नाही. एलिव्हेटर आणि स्टॅबिलायझरच्या (शेपटीच्या स्थिर आडव्या भागाच्या) चिरांमध्ये सीए सुकून बसला आहे, तिथे नवी पट्टी धड बसणार नाही. तेव्हा शेपटीचा पूर्ण संच, एलेरॉन आणि रडरसकट सगळ्या बिजागऱ्या बदलून द्या, नाहीतर किट परत नेऊन पूर्ण रक्कम परत करा. याच लॉटचं किट ज्यांना गेलं आहे त्यांना ईमेलने कळवा आणि पत्रक दुरुस्त करा. या शेवटच्या दोन गोष्टींवर मी तडजोड करणार नाही.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो तिथल्या, म्हणजे नागपूरच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागेन. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फीसुद्धा लागत नाही.

उरलेल्या पट्ट्या जपून ठेवल्या आहेत. तुमचा माणूस आला तर त्याच्या समोर थेंब टाकून दाखवतो.

आपला,
एक ग्राहक
प्रतापनगर, नागपूर

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचा व पत्रकाचा फोटो, उपटलेल्या बिजागऱ्यांचे फोटो