भूशास्त्राची सहल रद्द झाली त्याबद्दल: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री यांस,
सादर नमस्कार.

मी एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाला मोजून. गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला निरोप आला की तिसऱ्या वर्षाची सिंधुदुर्गची पाच दिवसांची अभ्याससहल रद्द. बस पहाटे पाचला निघणार होती. 31 मुलांच्या पिशव्या भरून तयार, हातोड्या मोजून गोणीत बांधलेल्या. कारण काय, तर परवानगीचं पत्र ‘प्रक्रियेत’ आहे. अर्ज दहा आठवड्यांपूर्वी दिला होता. दहा आठवड्यांत एक सही होत नाही, आणि आम्ही मुलांना शिकवतो की भूशास्त्रात काळ फार संथ सरकतो!

आम्ही फिरायला निघालो नव्हतो. महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश जमीन बेसाल्टची, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. थरावर थर, बहुतेक सगळे आडवे. आमच्या कॉलेजच्या मागच्या टेकडीवर नती, म्हणजे थराचा उतार, मोजायला गेलं तर काटा शून्याच्या आसपासच घुटमळतो. कललेला थर, घडी, दोन खडकांमधली विसंगती (म्हणजे मधल्या काळाचे थरच गायब असलेला सांधा) बघायची तर लाव्ह्याहून कितीतरी जुने कलादगी आणि धारवाडचे खडक जिथे उघडे पडलेत तिथे जावंच लागतं. म्हणून सिंधुदुर्ग. समुद्रकिनाऱ्यासाठी नाही, साहेब.

त्याऐवजी गुरुवारी सभागृहात दीड तासाची चित्रफीत दाखवली. हजेरी घेतली, सहल ‘पूर्ण’. पडद्यावर घाटातला लाल ‘बोल’चा, म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या लाल मातकट खडकाचा, थर आला, तेव्हा एका मुलीने विचारलं, “सर, हा हाताला कसा लागतो?” काय सांगणार? बोलचा खडा जिभेला लावला की चिकटतो, बेसाल्टचा चिकटत नाही. एवढं एकदा केलं की आयुष्यभर विसरत नाही. पडद्याला जीभ लावा म्हणू का?

सुरक्षेच्या नियमांना माझा विरोध नाही. 2016 साली मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेली मुलं बुडाली, त्यांच्या आईबापांसमोर ‘नियम जाचक आहेत’ म्हणायची माझी हिंमत नाही. पण नियम माणसं वाचवायला असतात की सही करणाऱ्याची खुर्ची वाचवायला? पालकांची संमतीपत्रं, विमा, वैद्यकीय दाखले, मुक्कामाचा पत्ता, चालकाचा परवाना, सगळं तीन-तीन प्रतींत दिलं. त्यातली एक प्रत कार्यालयाने हरवली. पुन्हा दिली. मग समजलं की सही करणारे साहेब रजेवर आहेत.

आणि आता माझं रडगाणं ऐकाच. बसचे आगाऊ 8 हजार मी खिशातून भरले, कारण कॉलेजचा चेक ‘पुढच्या आठवड्यात’ निघणार होता. बसवाला ते परत देणार नाही, त्याचाही धंदा बुडाला. 14 वर्षं असाच शिकवतोय. दरवर्षी नव्याने मुलाखत, सुट्टीत शून्य पगार. सहलीच्या दिवसाचे किती तास धरायचे, असं एकदा लेखी विचारलं होतं. उत्तर तोंडी आलं: “वर्गात घेतला तोच तास.” म्हणजे सकाळी सहापासून दगडांमागे मुलं सांभाळत हिंडलो, रात्री त्यांच्या वह्या तपासल्या, त्याचे तास शून्य. बायको म्हणते, तुम्ही पैसे भरून नोकरी करता. खोटं काय आहे त्यात?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिक्षण आहे. अभ्यासक्रमात ‘फील्ड प्रोजेक्ट’ आहे, त्याला श्रेयांक आहेत. फक्त फील्डवर जाता येत नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा हे कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलं. तोच 6 चा आकडा 2020 च्या धोरणात पुन्हा छापलाय. 54 वर्षांत आकडा जागचा हलला नाही, आमचे लाव्ह्याचे थरसुद्धा इतके स्थिर नसतात.

हलतात ते डोंगर. दरडींनी गिळलेली गावं बघा: माळीण, 30 जुलै 2014. तळिये, जुलै 2021. इर्शाळवाडी, जुलै 2023. माळीण गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा कुणाला कळलं, आठवतं? एसटीच्या ड्रायव्हरला. घट्ट खडकावर बसलेला कुजका थर पाणी पिऊन फुगला की काय होतं, भेग कुठे पडते, उतारावरची झाडं कशी वाकतात, हे डोंगरावर उभं राहूनच दिसतं. ते बघायला शिकलेली माणसं तुम्ही कुठून आणणार? दुर्घटना झाली की समिती नेमता, समितीत भूशास्त्रज्ञ लागतो. तो सभागृहात चित्रफीत बघून तयार होणार का?

मागणं फार नाही. परवानगीला 15 दिवसांची मुदत घाला, त्यात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरा. सहलीचे तास तास म्हणून मोजा. बसचे पैसे वेळेत निघू द्या. माझे 8 हजार सोडून दिले.

पुढच्या महिन्यात या 31 जणांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. पहिला प्रश्न: दिलेल्या थराची नती व नतिलंब (थराच्या आडव्या रेषेची दिशा) मोजा. मी टेबलावर एक ड्रॉइंग बोर्ड ठेवणार आहे, एका बाजूला खाली दोन जाड पुस्तकं सरकवून. बाहेरचे परीक्षक उतार मोजायचा नतिमापक लावून बघतील. 20 अंश यावा म्हणून तिसरं पुस्तक लागेलसं वाटतं.

आपला,
एक तासिका शिक्षक