कोणते अर्थिंग?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी बातमी असते : 'वेल्डिंग करताना विजेचा धक्का बसून कामगाराचा मृत्यू', किंवा 'मशीनमध्ये वीज उतरल्याने तरुण दगावला'. चार ओळींत बातमी संपते आणि धक्का नेमका कोणत्या वायरचा बसला, हे कळत नाही. वेल्डिंग मशीनला विजेच्या दोन बाजू असतात. एक भिंतीकडून मशीनकडे येणारी, २३० किंवा ४१५ व्होल्टची. दुसरी मशीनकडून होल्डर (वेल्डिंगचा रॉड धरणारा चिमटा) आणि जॉब (जोडायचे लोखंड) यांकडे जाणारी, ६० ते ८० व्होल्टची. माणूस दोन्हींनी मरू शकतो, पण एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही.

गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. संधाता, म्हणजे वेल्डर, जॉबला जो क्लॅम्प लावतो त्याला अर्थिंग म्हणतो. विजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, मशीनच्या बॉडीला जी हिरवी वायर बोल्टने आवळतो तिलाही अर्थिंगच म्हणतो. नाव एक आणि कामे दोन. क्लॅम्पच्या केबलचा जमिनीशी काही संबंध नाही. होल्डरमधून गेलेला शंभर-सव्वाशे अँपिअरचा प्रवाह मशीनकडे परत आणणे एवढेच तिचे काम. हिरव्या वायरीतून मात्र सगळे ठीक असताना काहीच वाहत नाही. त्यामुळे क्लॅम्प सुटला की आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत) विझतो आणि वेल्डर लगेच मागे वळून बघतो. हिरवी वायर सुटली तर कुणाचे काही अडत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. 'अर्थिंग लावले का?' या प्रश्नाला 'हो, लावले' असे उत्तर येते, आणि ते क्लॅम्पविषयी असते.

बॉडीला अर्थिंग नसेल तर काय होते ते पाहू. केबल मशीनमध्ये शिरते तिथला रबरी बूच पडून गेलेला असतो, पत्र्याची धार केबलचे आवरण कापते, किंवा आत पाणी आणि ग्राइंडिंगचा लोखंडी भुगा साचतो. फेज बॉडीला टेकतो. आता बॉडीवर २३० व्होल्ट आहेत, पण प्रवाहाला वाट नाही, म्हणून एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) शांत. ओल्या जमिनीवर उभा असलेला पहिला माणूस मशीनला हात लावतो तेव्हा वाट त्याच्या शरीरातून तयार होते. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, साधारण १००० ओहम धरतात. २३० व्होल्टला तो २३० मिलिअँपिअर वाहू देतो. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताची मूठ सुटेनाशी होते, तीस-पन्नासच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

हिरवी वायर जोडली म्हणजे भागले, असेही नाही. जमिनीत पुरलेल्या अर्थिंगचा रोध १० ओहम असेल, तर बिघाड झाल्यावर फार तर २३ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरचा एमसीबी त्याला बिघाड मानतच नाही. म्हणून तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. ती गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहते आणि फरक दिसताच पुरवठा तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेले बटण असते, ते कामाच्या आधी दाबून बघायचे. पडली नाही तर आरसीसीबी बदलायची, काम तसेच रेटायचे नाही.

पण ही आरसीसीबी होल्डरच्या बाजूचा धक्का ओळखत नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. मशीनच्या आत दोन वेटोळी वेगळी असतात. होल्डरमधून हातात, छातीतून जॉबमध्ये आणि क्लॅम्पमधून परत, असे वर्तुळ दुसऱ्या वेटोळ्यापुरतेच पूर्ण होते. भिंतीकडच्या दोन वायरींत फरक पडत नाही. आरसीसीबी असूनही माणूस होल्डरला चिकटून राहू शकतो.

'ऐंशी व्होल्टने काय होतंय' हे वाक्य साइटवर नेहमी ऐकू येते. कोरड्या हाताला बहुधा नुसती झिणझिणी येते, म्हणूनच ते खरे वाटते. घामाने भिजलेला सदरा, ओले हातमोजे आणि पाठ लोखंडाला टेकलेली असताना त्याच ८० व्होल्टला ८० मिलिअँपिअर वाहतात. वेळही लक्षात घ्यावी : आर्क जळत असताना होल्डर आणि जॉबमध्ये २० ते ३० व्होल्टच असतात, तो तुटला की विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, लगेच वर चढतो. म्हणजे धोका वेल्डिंग करताना कमी आणि थांबल्यावर जास्त. विशेषतः रॉड बदलताना, कारण तेव्हा हातमोजा काढलेला असतो. रॉड हातमोजा घालूनच बदलावा. खाली ठेवण्याआधी होल्डरमधला उरलेला तुकडा काढावा, होल्डर जॉबवर न टाकता लाकडी खुंटीला अडकवावा. तो काखेत धरू नये, पाण्यात बुडवून थंड करू नये, केबल अंगाला किंवा दंडाला गुंडाळू नये. होल्डर पूर्ण आवरणाचा घ्यावा आणि दांड्यावरचा स्क्रू उघडा पडला असेल तर तो होल्डर बाद समजावा.

यावर यंत्रातला उपाय म्हणजे व्हीआरडी. आर्क थांबला की होल्डरवरचा दाब ३५ व्होल्टच्या खाली, बऱ्याच मशीनमध्ये १२ ते २४ पर्यंत उतरवणारे हे सर्किट अनेक इन्व्हर्टर, म्हणजे हलक्या इलेक्ट्रॉनिक, वेल्डिंग मशीनमध्ये असते. आंतरराष्ट्रीय मानकात ओल्या किंवा अडचणीच्या जागी एसी मशीनच्या बिनभाराच्या (आर्क नसतानाच्या) दाबाला ४८ व्होल्टची मर्यादा आहे, साध्या जागी ८० ची. अशा जागी चालणाऱ्या मशीनच्या पट्टीवर चौकटीत इंग्रजी 'एस' अक्षर असते. तेलात बुडवलेले जुने दोन फेजचे मशीन टाकीच्या आत किंवा पावसात वापरूच नये. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने टाकी-खड्ड्यात न्यायच्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा घातली होती, त्यावरून अशा जागेची जात कळावी. चार-पाच जणांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानाला तो कायदा लागू नव्हताच, ही गोष्ट वेगळी.

आता क्लॅम्पची बाजू. तो जॉबवरच, वेल्डच्या जवळ, गंज आणि रंग खरवडून लावायचा. प्रत्यक्षात तो दूरच्या कॉलमला, पाण्याच्या पाइपला किंवा सळईच्या तुकड्याला अडकवलेला दिसतो. 'लोखंड लोखंडाला लागले आहे ना' एवढाच हिशेब. परतीची वाट खराब असली की सव्वाशे अँपिअर मिळेल त्या वाटेने निघतात : मोटरच्या बेअरिंगमधून, चेन ब्लॉकच्या साखळीतून, वायर रोपमधून. जॉबवर तीन पिनांचे एखादे ड्रिल मशीन ठेवले असेल तर त्याच्या हिरव्या वायरीतूनही. ती वायर दीडेक चौरस मिलिमीटरची. ती आवरणाच्या आत वितळते, बाहेरून काही दिसत नाही, ड्रिल पूर्वीसारखेच चालते. काही दिवसांनी त्याच ड्रिलमध्ये फेज बॉडीला टेकतो. एका अर्थिंगने दुसरे जाळलेले असते आणि बातमीत ड्रिल मशीनचे नाव येते.

याहून वाईट जुगाड म्हणजे बॉडीला 'अर्थिंग मिळावे' म्हणून मशीनच्या रिटर्न टर्मिनलपासून बॉडीच्या बोल्टपर्यंत वायरचा तुकडा टाकणे. त्याने जमिनीची जोड मिळत नाही, उलट वेल्डिंगचा प्रवाह भटकायला आणखी एक रस्ता उघडतो.

गच्चीवरचे पत्र्याचे शेड, गणपतीच्या मांडवाचा लोखंडी सांगाडा, सोसायटीचे ग्रिल अशा कामांत हे सगळे एकत्र येते. पूर्वी मशीन जड होते, म्हणून ते खाली राहायचे आणि वेल्डिंगची केबल वर जायची. आता चार-पाच किलोचे इन्व्हर्टर खांद्याला अडकवून वर नेतात आणि मागोमाग २३० व्होल्टची वायर ओल्या लोखंडावरून ओढत नेतात. हलक्या मशीनने धोका हलका न होता तो गच्चीवर चढला. मशीन कोरड्या जागी, जिन्याच्या आडोशाला ठेवावे. पुरवठ्याची वायर आखूड, वेल्डिंगच्या दोन्ही केबल लांब. १५० अँपिअरपर्यंत आणि पंधरा-वीस मीटरपर्यंत २५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल चालते, लांबी वाढली की ३५ ची घ्यावी. केबलवर आयएस ९८५७ छापलेले असावे. रिटर्नची केबलही तेवढ्याच जाडीची हवी, सळईने ती भूक भागत नाही.

पुरवठ्यासाठी तीन कोअरची तांब्याची केबल, ४ चौरस मिलिमीटर, मध्ये जोड नको, गुंडाळी पूर्ण उलगडलेली. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर २.५ मिलिमीटरचा रॉड होल्डरच्या बाजूच्या ७०-८० अँपिअरला कसाबसा निभावतो. ३.१५ चा रॉड ११० अँपिअरला लावला की साधे इन्व्हर्टर भिंतीकडून वीस अँपिअरच्या आसपास ओढते. मग सॉकेट काळे पडते, आणि कोणीतरी पिन काढून उघड्या वायरी काडीपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठोकतो. त्यात हिरवी वायर हमखास बाहेर राहते. जास्त अँपिअर लागणार असतील तर आरसीसीबीसह वेगळी लाइन मागून घ्यावी. ती घरमालकानेच द्यायची गोष्ट आहे.

दोन वेल्डर दोन मशीनवर एकाच सांगाड्यावर काम करत असतील तर आणखी एक काळजी. मशीन उलटसुलट जोडली गेली तर दोन होल्डरमधला दाब बेरजेने १६० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. दोघांनी एकमेकांच्या होल्डरच्या हाताच्या अंतरात येऊ नये आणि काम सुरू करण्याआधी मल्टिमीटरने दोन होल्डरमधले व्होल्ट मोजावेत.

तपासणीला दहा मिनिटे लागतात. प्लगच्या मोठ्या पिनेपासून मशीनच्या बॉडीपर्यंत रोध एक ओहमच्या आत हवा. मशीन पावसात भिजले असेल किंवा महिनोन्‌महिने पडून असेल तर विजतंत्र्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) बघून घ्यावे : पुरवठा ते बॉडी किमान २.५ मेगाओम, पुरवठा ते वेल्डिंगची बाजू किमान ५. इन्व्हर्टरला मेगर लावण्याआधी त्याचे माहितीपुस्तक बघावे, नाहीतर आतले कार्ड जाईल. उभे राहायला कोरडी फळी किंवा प्लायचा तुकडा, पायात सुके बूट, हातमोज्यांचे दोन जोड, म्हणजे एक घामाने भिजला की दुसरा घालता येतो. पाऊस अंगावर येत असेल तर काम बंद. मुकादमाची घाई हे कारण नव्हे.

डोळे आणि धूर यांवर बरेच लिहिले जाते, म्हणून थोडक्यात. नेहमीच्या रॉडला १० किंवा ११ नंबरची काच लागते. उजेड लागलेला लगेच कळत नाही, सहा-बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. बटाट्याच्या चकत्यांपेक्षा स्वच्छ थंड पट्टी बरी, आणि डॉक्टर गाठावा. बधिर करणारे थेंब परत परत घातले तर बुबुळावरची जखम भरत नाही. जीआय पाइपच्या जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो. गूळ-दुधाने तो टळत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचे जस्त घासून काढावे आणि वाऱ्याकडे पाठ न करता वारा बाजूने घ्यावा.

कोणी चिकटलाच तर आधी पुरवठा तोडायचा, त्याला हात लावायचा नाही. स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडाने होल्डर किंवा वायर दूर करावी. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर पोलिसांना आणि ठेकेदाराला तीन गोष्टी विचारून त्या छापाव्यात : मशीनच्या बॉडीला हिरवी वायर होती का, लाइनवर आरसीसीबी होती का, आणि माणसाचा हात बॉडीला लागला होता की होल्डरला. 'अर्थिंग होते' असे उत्तर आले तर कोणते, तेही विचारावे.

आपले,
संधाता आणि विजतंत्री व्यवसायांचे दोन शिल्प निदेशक (आयटीआयचे शिक्षक)
(नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती)