खरकटे उकळल्याशिवाय नको

संपादक महोदय,

आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा विषाणूजन्य रोग भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला आणि २०२२ मध्ये केरळच्या वायनाडपर्यंत पोहोचला. हा रोग माणसाला होत नाही. मात्र बाधित फार्मपासून एक किलोमीटरच्या परिघातील सर्व डुकरे मारावी लागत असल्याने शेजाऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत सावध वराहपालकालाही मोजावी लागते. आपल्याकडे अनेक लहान वराहपालक हॉटेलांतील खरकट्यावर जनावरे पोसतात, आणि डुकराच्या मांसात, अगदी गोठवलेल्या मांसातही, हा विषाणू अनेक महिने टिकत असल्यामुळे न उकळलेले खरकटे हाच त्याचा सोपा मार्ग ठरतो. खाद्य महाग असताना खरकटे बंदच करा, असे सांगणे मला तरी अव्यवहार्य वाटते. ते ढवळत, अर्धा तास पूर्ण उकळून द्यावे.

व्यापाऱ्याची गाडी कुंपणाबाहेरच थांबवावी, कारण ती एका दिवसात अनेक फार्म फिरते. नवी डुकरे महिनाभर वेगळी ठेवावीत. दारातील, पाय बुडवून आत येण्यासाठी ठेवलेले जंतुनाशकाचे पाणी रोज बदलावे. चिखलाने गढूळलेले पाणी केवळ शोभेचे असते. नुकसानभरपाई वेळेवर मिळाली, तर पालक मरतूक लपवणार नाहीत, याकडे पशुसंवर्धन विभागाने लक्ष द्यावे.

— एक वराहपालक