कर्ण राहिला, उत्तरे दोन झाली

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘कर्ण सुडोकू’ छापून आला. दोन्ही कर्णांच्या रेघा मात्र छापायच्या राहिल्या आणि कर्णांवरही १ ते ९ आकडे एकेकदाच यायला हवेत, हा नियमही कुठे दिला नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या उत्तराशी आपले उत्तर जुळले नाही म्हणून ज्यांनी स्वतःला दोष दिला असेल, त्यांनी तो मागे घ्यावा.

रेघ गेल्यावर काय बिघडते ते चार घरांत दिसते. समजा उत्तरात पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात ३ आणि चौथ्या घरात ८ आहे, आणि लगेच खालच्या ओळीत त्याच जागी ८ आणि ३. या दोन आकड्यांची आपसात अदलाबदल केली तरी आडव्या ओळी, उभ्या ओळी, चौकटी सगळे बरोबरच राहते. साध्या सुडोकूत म्हणूनच या चारपैकी एक तरी आकडा आधी द्यावा लागतो. कर्णाच्या कोड्यात तो न देताही चालते. पहिले घर कर्णावर आहे; तिथे ८ आणला की कर्णावर दोन ८ होतात. कोडेकाराने त्या रेघेच्या भरवशावर एक आकडा वाचवला आणि छपाईत रेघच गेली!

चवथीच्या पुरवणीसाठी आपण वाचकांकडून कोडी मागवली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वेगळ्या नियमांचे सुडोकू दोन जातींचे असतात. कर्ण, किंवा ‘घोड्याच्या अडीच घरांवर तोच आकडा नको’ यांसारख्या नियमांना आकड्याची किंमत कळत नाही. १ ते ९ ऐवजी नऊ फळांची चित्रे काढली तरी चालेल. अशा कोड्यात दिलेल्या आकड्यांमध्ये किमान आठ वेगवेगळे आकडे लागतात. दोन आकडे कुठेच दिले नाहीत, तर उत्तरात त्या दोघांची सरसकट अदलाबदल करता येते आणि उत्तरे दोन होतात. बेरीज, फरक, तापमापी (एका बाजूला गोळा असलेली, घरांवरून काढलेली रेघ) ही दुसरी जात. तिथे किंमतच बोलते. सहा घरांच्या तापमापीत आकडे गोळ्यापासून चढत जातात, त्यामुळे गोळ्यात ४ पेक्षा मोठा आकडा बसतच नाही आणि टोकाला ६ पेक्षा लहान. एकही आकडा न देता पूर्ण कोडे होऊ शकते ते याच जातीत.

त्यातला फसवा प्रकार म्हणजे फरकाची रेघ: रेघेवरच्या शेजारी आकड्यांत किमान ५ चा फरक हवा. ५ तिथे येऊच शकत नाही. ४ चा शेजारी फक्त ९, ६ चा फक्त १. एकाच चौकटीत तीन घरांची रेघ असेल, तर ४ मधल्या घरात बसत नाही, कारण दोन्ही बाजूंना ९ लागतील. सोडवायला हे फार गोड. पण केवळ अशा रेघांवर कोडे उभे केले, तर प्रत्येक उत्तराला जुळे असते: प्रत्येक आकडा १० मधून वजा करा, दुसरे उत्तर तयार. म्हणून किमान एक आकडा द्यावाच लागतो, आणि तो ५ असून भागत नाही, कारण १० मधून ५ गेले की ५ च उरतात.

रचताना भरलेला चौकोन घेऊन आकडे पुसत जाऊ नये, ती यंत्राची रीत. कोऱ्या चौकोनात एक-दोन रेघा घाला, त्यावरून जे ठरते ते भरा, आणि जिथे अडेल तिथेच पुढचा सुगावा द्या. प्रत्येक टप्प्याची प्रत ठेवा; तीस घरे भरल्यावर विसंगती निघते आणि मूळ चूक पाचव्या सुगाव्यात सापडते. शेवटी संगणकावर तपासा. संगणक उत्तर एकच आहे एवढेच सांगतो. अंदाज न करता माणसाला तिथवर जाता येते का, ते दोघांकडून पेन्सिलीने सोडवून घेतल्याशिवाय कळत नाही. आकडे कमी म्हणजे कोडे कठीण, हा समजही सोडावा. साध्या सुडोकूत १७ पेक्षा कमी आकड्यांत एकच उत्तर शक्य नाही, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले. पण १७ आकड्यांची कित्येक कोडी अगदी सोपी असतात.

गोव्याच्या नकाशाचे, म्हणजे चौकटींच्या जागी तालुके असलेले कोडे कुणाला तरी सुचेलच. तालुके १२, म्हणून चौकोन १२ बाय १२ चा आणि प्रत्येक तालुक्याला १२ घरे. मोठी सत्तरी आणि लहानसे मुरगाव सारखेच होतील, त्याला इलाज नाही. १०, ११, १२ साठी क, ख, ग वापरा, नाहीतर बारीक नोंदी करताना ११ म्हणजे अकरा की दोन १, असा घोळ होतो. गंमत वाकड्या सीमांतच आहे. पहिल्या ओळीत पेडण्याची १० घरे आणि डिचोलीची २ आहेत, पेडण्याची उरलेली २ खालच्या ओळीत उतरली आहेत, असे धरा. मग डिचोलीच्या त्या दोन घरांत जे आकडे, तेच पेडण्याच्या खाली उतरलेल्या दोन घरांत. एकही आकडा न देता एवढे कळते.

छपाईबद्दल दोनच गोष्टी. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून करडी रेघ अगदी फिकट ठेवावी, नाहीतर तिच्यावरची पेन्सिल दिसत नाही. आणि पावसाळ्यात दमट कागदावर खोडरबर चालवले की कागदच निघून येतो, तेव्हा नोंदींसाठी घर निदान ९ मिलिमीटरचे हवे. बारा घरांच्या कोड्याला त्यामुळे दोन कॉलम पुरणार नाहीत. कोडे आतल्या पानावर ढकलले तरी हरकत नाही, नियम मात्र त्याच चौकटीत छापावा.

– काही कोडेकार वाचक, फोंडा