कन्सोलमागच्या लाईटवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला कळलं नाही. पार्टी घेणाऱ्या कंपनीत नंतर फोन करून विचारलं, तर ‘लाईटचं काम बाहेर दिलं होतं’ एवढंच उत्तर आलं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात झालेल्या त्या पार्टीत तुमच्यासोबत कुणी असेल, तर त्यांनी हे तुम्हाला वाचून दाखवावं.

त्या पार्टीचे फोटो काढायचं काम मिळालं तेव्हा मी हरखून गेले होते. राणीच्या बागेतल्या या इमारतीत शाळेच्या सहलीला आले होते. बाहेरचा तो घारापुरीचा दगडी हत्ती, आतले उंच लोखंडी खांब, काचेच्या कपाटांतली मातीची माणसं, सगळं डोळ्यांत बसलेलं. फोटोग्राफी शिकायला लागल्यावर आणखी एक गोष्ट कळली होती. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात भाऊ दाजी होते आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजीही होते. नारायण दाजी तर स्वतः फोटो काढायचे. दोघंही डॉक्टर, आणि त्या काळात, जेव्हा कॅमेरा म्हणजे काचा आणि रसायनांचा उद्योग होता. अशा माणसाच्या नावाच्या जागी आपण कॅमेरा घेऊन उभं राहणार, याचा मला फार अभिमान वाटत होता.

त्या अभिमानाचं पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंत. बॅग जनरेटरशेजारी ठेवा. पाहुण्यांच्या मध्ये येऊ नका, पण प्रत्येकाचा क्लोजअप हवा. जेवणाचं विचारलं तर ‘व्हेंडरचं नंतर बघू’, आणि ते नंतर शेवटपर्यंत आलं नाही. पाण्याची बाटलीसुद्धा मी बाहेरून आणली. हे सगळं मी गिळलं असतं. या धंद्यात नव्या मुलामुलींना हेच मिळतं, असं सगळे सांगतात.

पण दिव्यांचं गिळता येत नव्हतं. भाषणांच्या वेळी स्टेजवर साधा पिवळसर पांढरा उजेड ठेवा, असं मी कंपनीला आधीच लिहून कळवलं होतं. उत्तर आलं नाही. प्रत्यक्षात सगळीकडे गर्द जांभळा. पाहुण्यांचे चेहरे कोकमात बुडवून काढल्यासारखे दिसत होते. फ्लॅशला परवानगी नव्हती. जांभळ्या एलईडीत फक्त लाल आणि निळा जळतो, हिरवा जवळजवळ नसतोच. त्यामुळे त्वचेचा खरा रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा फोटो, असली तरी, जे आत आलंच नाही ते नंतर कुठून काढणार? हे मी कंपनीच्या बाईंना समजावायला गेले. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, ‘एडिटमध्ये करून घे.’ फोटो खराब आले असते तर नाव माझंच जाणार होतं, त्यांचं नाही. हा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा तुम्ही कन्सोलमागून हाक मारलीत. ‘काय होतंय पोरी, दाखव बघू.’ मी कॅमेरा तुमच्यापुढे धरला. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, हातांनी आडोसा केलात आणि मागच्या छोट्या स्क्रीनवर तो फोटो नीट बघितलात. मग स्टेजकडे बघितलंत, परत स्क्रीनकडे. मला इतकंच हवं होतं, काका. त्या अख्ख्या संध्याकाळी मी काय काढते आहे ते बघणारे तुम्ही एकटे होतात. ‘मला फोटो हवेत’ असं सांगणारे पुष्कळ होते, पण बघितलं कुणीच नव्हतं.

पुढचं तुम्ही फार न बोलता केलंत. भाषणाला कुणी उभं राहिलं की पुढचे दिवे हळूच पांढऱ्यावर यायचे, मागची भिंत जांभळीच राहायची, म्हणजे त्यांची सजावटही मोडायची नाही. मी जागा बदलली की तुम्ही मान वर करून बघायचात. त्या बाई तुमच्याकडे तणतणत आल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मी केलंय, फोटोसाठी लागतं.’ माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाहीत. रोजंदारीचं तुमचंही काम होतं, पुढचं काम त्याच कंपनीकडून येणार असेल, हे मला कळत होतं.

भाऊ दाजी गरिबांवर मोफत उपचार करायचे, हे मी वाचलं होतं. शिकलेला माणूस आपली विद्या समोरच्याच्या अडचणीला लावतो, तसं तुम्ही मला करून दाखवलंत. तुमच्यासारखी माणसं मुंबईत खूप आहेत, असं मला आता वाटायला लागलंय: लेडीज डब्यात माझी जड बॅग न सांगता मांडीवर घेणारी बाई, लग्नाच्या हॉलमध्ये ‘आधी जेवून घे’ म्हणणारे आचारी. ती कुठल्याच फोटोत येत नाहीत, कारण कॅमेरा नेहमी दुसऱ्या बाजूला वळलेला असतो.

फोटो कंपनीला पोचले. कौतुक झालं. पैसे अजून यायचे आहेत, मी मागते आहे आणि मागत राहणार आहे.

शेवटच्या भाषणानंतर मी एक फोटो तुमचा काढला होता. कन्सोलवर दोन्ही हात, चष्मा अजून कपाळावरच. मोठा छापून घेतलाय. तुम्ही मुलुंडला राहत असा नाहीतर मीरा रोडला, निरोप मिळाला की मी स्वतः आणून देईन, आणि त्या वेळी तुमचं नाव विचारून मागे लिहीन.

तुमची,
त्या रात्रीची फोटोग्राफर