बदलीचा अर्ज मागे घेतला

तीर्थरूप आई-बाबांना नमस्कार.

यवतमाळच्या बदलीचा अर्ज मी मागे घेतला. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी लगेच 'येते' म्हटलं असतं, म्हणून पत्र. बाबा, रागावू नका. गडचिरोली म्हटलं की तुम्हाला नुसतं जंगल दिसतं. क्वार्टर पक्कं आहे, नळाला पाणी आहे, मच्छरदाणी लावूनच झोपते. शेजारच्या सिस्टर लाखोळीच्या डाळीचे वडे आणून देतात.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत इथे सिकलसेलचे, म्हणजे त्या रक्ताच्या आजाराचे, पेशंट वाढतात. दिवसभर पावसात, चिखलात वाकून काम. अंग गारठतं, पाणी पिणं राहून जातं, मग विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी बारीक नसांत अडकतात. कळ हाडातून येते, वरून बहुतेकदा काही दिसत नाही. म्हणून घरचेच म्हणतात, सोंग करते. परवा एक पोरगी गुडघे छातीशी धरून पडली होती, ओढणीचा बोळा दातांत. शून्य ते दहामध्ये किती दुखतं विचारलं, तर म्हणाली, "तीन." सलाईन लावून तिच्याजवळ बसले, आपल्या गुड्डूचं सांगितलं. सांगताना माझा आवाज दाटला. तेव्हा ती म्हणाली, "नऊ आहे, ताई."

ट्रेनिंगला शिकवलं होतं, पेशंटसमोर डोळ्यांत पाणी आणायचं नाही. शीर शोधताना हात थरथरून चालत नाही, हे खरंच. पण दगडासारखं तोंड करून विचारलं की माणूस तीनच सांगतो, चार्टवर तीनच लिहिलं जातं आणि औषधही तेवढ्याचंच मिळतं. आई, गुड्डूच्या वेळी त्या वॉर्डात... जाऊ दे. तुम्ही दोघांनी काही कमी केलं नाही, एवढंच.

मी हळवी आहे, हे काम झेपणार नाही, असं बाबा म्हणायचे. ताप आला की आई कपाळाला गाल लावून बघायची ना? थर्मामीटर खिशात असून माझाही हात आधी कपाळावरच जातो.

आता ऐका. बाबा, बरं वाटतं म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा नाही. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आठवा. गड्यालाही मास्क, हातमोजे द्या. आई, गुडघे दुखत असताना निंदायला गेलीस तर भांडायला येईन.

पोळ्याला येतेच, रजा टाकली आहे. गोळ्यांची रिकामी पाकिटं फेकू नका, आल्यावर मोजणार आहे.

तुमची,
छकुली